नावाड्याचं पुढे काय झालं

साक्रीत मी ज्या भाड्याच्या घरात राहतो, तिथल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून माझी वाचनाची योजना लिहिलेली असते. खडूनं. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळं खडूचा तोटा नाही. दर जूनमध्ये दार ओल्या फडक्यानं पुसायचं आणि नवी योजना लिहायची. दिवाळीपर्यंत टांगलेले कपडे घासून घासून तिचा अर्धा भाग नाहीसा होतो. जे पुसलं गेलं ते वाचून झालं, असं मी धरत नाही, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे. बायको म्हणते, "तुमच्या शर्टांनी तुमच्यापेक्षा जास्त तत्त्वज्ञान उचललंय."

ही सवय जळगावची. तिथं मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही, मिरवूनच सांगतो. वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, चौथीपर्यंत शिकले आणि आई शाळेच्या ओट्यापर्यंत. घरात पुस्तकं म्हणजे पंचांग आणि बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली माहितीपत्रकं. त्यामुळं विभागाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा काय वाचावं हा प्रश्नच पडला नाही. सगळंच वाचायचं होतं. कुठून सुरू करावं एवढाच प्रश्न होता, आणि सुरू करण्याच्या बाबतीत मी अजूनही पटाईत आहे.

माझी योजना वर्गातल्या इतरांसारखी विषयवार नव्हती. आमचं गाव धुळ्याकडचं, रस्त्यापासून आत, कपाशी आणि ज्वारीचं. शनिवारी एसटीनं घरी यायचं, सोमवारी परत जळगाव. म्हणून मी पुस्तकं हातांप्रमाणे वाटली होती. एसटीत एक हात दांडीला, तेव्हा एका हातात मावेल असं पातळ पुस्तक. कपाशी वेचताना दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा पाठ केलेल्या व्याख्या मनात घोळवायच्या. आणि ज्वारीची राखण करताना दोन्ही हात मोकळे, तेव्हा जाड ग्रंथ. मचाणावर बसून मी ज्ञानमीमांसा वाचलेली आहे. एक परिच्छेद झाला की उठायचं, "हाऽऽ हुर्र" करून पाखरं उडवायची, आणि पुन्हा बसायचं. पाखरं काही परिच्छेद संपायची वाट बघत नाहीत. त्यामुळं आजही काही मोठी वाक्यं मला मधेच तुटलेली आठवतात, आणि तुटलेल्या ठिकाणी माझीच आरोळी ऐकू येते.

योजनेला फाटे फुटायचे. मुख्य अभ्यास राहायचा बाजूला आणि मी काहीतरी नवं काढून बसायचो. अहिराणीत तर्कशास्त्राची छोटी पुस्तिका लिहायला घेतली. 'बठ्ठा माणसं मरतस', म्हणजे सगळी माणसं मरतात, इथून सुरू केली आणि तिसऱ्या पानावर अडकलो, कारण 'गृहीतक' या शब्दाला आमच्या बोलीत काय म्हणावं ते सुचेना. आईला विचारलं, "माय, जे आधीच धरी चालतस त्याले काय म्हणतस?" ती म्हणाली, "तुना बाप." पुस्तिका तिथंच राहिली. मग धुळे-जळगाव एसटीतल्या लोकांना 'चांगलं आयुष्य म्हणजे काय' असं विचारून मोबाइलवर उत्तरं साठवायचं ठरवलं. पहिल्याच बाईनं उलट विचारलं, "कोणत्या पक्षाचा तू?" तेही राहिलं. वसतिगृहाच्या जिन्यात भित्तिपत्रक लावायचं होतं, त्याचं फक्त नाव ठरलं. नाव छान होतं, पण ते आता सांगत नाही, अजून वापरायचंय.

या सगळ्या अर्धवट उद्योगांत एक मात्र टिकला, आणि तो टिकला वांग्यांमुळं.

वर्गात आम्ही मोजके होतो. त्यातला एक रावेरकडचा, केळीच्या बागायतदाराचा मुलगा. एक मुलगी दीपनगरच्या कॉलनीतली, वडील वीजकेंद्रात. आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारायचो. रावेरवाला, दीपनगरची आणि मी धुळेकर. रावेरवाल्याची कल्पना अशी की एकत्र बसून एकच जाड ग्रंथ वाचायचा. आम्ही वसतिगृहाच्या आवारात बसून पाहिलं, कॉलेजच्या व्हरांड्यात बसून पाहिलं. कोणीच दुसऱ्यांदा येईना. मग हिवाळा लागला, भरताची वांगी निघाली, आणि तो म्हणाला, "आता शेतात बसू. भरीत म्हटलं की येतीन सारे."

तसंच झालं. आमच्याकडं हिवाळ्यात भरीत पार्टीला कोणी नाही म्हणत नाही. साहेब असो, सोयरा असो, भांडलेला चुलतभाऊ असो. दर रविवारी कोणाच्या तरी शेतात जमायचं. रावेरवाला गोणीभर वांगी आणायचा, मोठाली, हिरवट पांढरी, एकेक हातात मावणार नाही अशी. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर ती भाजायची, सोलायची, आणि लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर मुसळानं ठेचायची. नियम एकच केला होता: वांगी भाजायला टाकली की वाचन सुरू, आणि ठेचायला घेतली की बंद. कारण मुसळाच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि खाल्ल्यावर कोणी ऐकत नाही.

ग्रंथ होता वचनावर. माणूस शब्द देतो म्हणजे नेमकं काय करतो, आणि तो का पाळतो, यावर. परदेशी लेखक, मराठी भाषांतर, विटेएवढा जाड. आम्ही त्याला जाड्याच म्हणायचो. ग्रंथालयात एकच प्रत, म्हणून सुरुवातीच्या तीन प्रकरणांची झेरॉक्स काढून वाटून घेतली होती. आता गंमत अशी की दर रविवारी कोणीतरी नवा यायचा. कोणाचा मावसभाऊ, कोणाचा रूममेट. त्याला काही कळावं म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. वांगी भाजायला लागतो तेवढ्या वेळात तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचायचो, तेवढ्यात रावेरवाला ओरडायचा, "झालं रे, साल सुटली!" आणि पुस्तक मिटायचं. अख्खा मोसम आम्ही तीच तीन प्रकरणं वाचत होतो. आणि आपण केवढा मोठा ग्रंथ वाचतोय, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. ते वाटणं किती सुखाचं होतं! आज चार पुस्तकं पुरी करूनही तसं वाटत नाही.

त्याच हिवाळ्यात घरी वेगळंच शिजत होतं. माझे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर होते. त्यांनी नानांना सांगितलं होतं, "स्टोअरमध्ये एक जागा होऊ राहिली. संक्रांत झाली की पोराला पाठवा. नंतर मी सांगू शकत नाही." माझं एम.ए.चं पहिलं वर्ष चालू होतं. नानांनी मला सरळच विचारलं, "तुन्हं हाई तत्त्वज्ञान शिकीसन काय व्हस?" मी बोलत राहिलो, ते ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "बरं. पण नरडाणानी गाडी सकाये शे, संध्याकाये वापस. घरनं जेवण, घरनी झोप." त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. घरापासून जवळ, दर महिन्याला ठरलेला पगार, आणि बोलावणारा घरचा माणूस. आमच्या गावात यापेक्षा वरचं काही मागतच नाहीत. पण मला ते नको होतं. नरडाण्याला गेलो की एम.ए. सुटणार, आणि एकदा सुटलेलं आपल्याकडून पुन्हा धरलं जात नाही, हे मला माझ्या पुस्तिकेवरून आणि भित्तिपत्रकावरून चांगलंच ठाऊक होतं.

अशात आमच्या शेताची पाळी आली. मी नानांना भीतभीतच विचारलं. भरीत म्हटल्यावर ते नाही म्हणणार नव्हते. उलट त्यांनीच काड्यांचा ढीग रचून ठेवला, विहिरीजवळ सावलीला गोणपाटं अंथरली. मंडळी आली. दीपनगरचीला बघून आई जरा चपापली, मग तिच्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचं भांडं दिलं. "पुऱ्या लाटता येतस का?" "येतात, पण गोल नाही येत." "मग वाच तू," आई म्हणाली आणि भांडं काढून घेतलं.

वांगी काड्यांवर पडली. दीपनगरची वाचू लागली. नाना जाळाशी बसून काठीनं वांगी फिरवत होते. लक्ष नाही असंच वाटत होतं. पहिली दोन प्रकरणं रुक्ष होती, ती तिनं भराभर उरकली. तिसऱ्यात नावाड्याची गोष्ट येते.

एका रुंद नदीच्या काठी एक नावाडी राहतो. पलीकडच्या गावात एक आंधळा माणूस कामाला जातो. नावाड्यानं त्याला शब्द दिलाय की रोज संध्याकाळी तुला घ्यायला येईन. वर्षानुवर्षं येतो. एक दिवस तो आंधळा पलीकडेच मरतो. नावाड्याला कोणी सांगत नाही. तो रोज संध्याकाळी रिकामी नाव घेऊन जातो, अंधार पडेपर्यंत थांबतो, परत येतो. त्याच्या एका शेजाऱ्याला खरं माहीत आहे. लेखक विचारतो: नावाडी अजून शब्द पाळतोय असं म्हणायचं का? आणि शेजाऱ्यानं त्याला सांगावं का? मग लिहितो, याकडे आपण पुढे वळू.

"झालं रे, साल सुटली!" रावेरवाला ओरडला.

दीपनगरचीनं कागद मिटले. रावेरवाल्यानं बडगी ओढली. नाना मात्र काठी हातात धरून तसेच बसले होते.

"मंग? त्या नावाडीनं काय व्हयनं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"त्याले कोणी सांगं का नही?"

"ते पुढे आहे काका," दीपनगरची म्हणाली.

"हां, मंग पुढलं सांग ना, बेटा."

"पुढलं... आम्ही अजून वाचलं नाही."

नानांनी एकेकाकडे मान फिरवून पाहिलं. रावेरवाल्यानं मुसळ उचललं होतं, ते तसंच हवेत. "तू?" "नाही नाना." "आन् तू रे?" मी वांग्याची साल काढण्यात फार गुंतलो होतो.

"कोणीच नही? मग दर आयतवारी काय करतस तुम्ही?"

"भरीत खातो," रावेरवाला म्हणाला. इतक्या खरेपणानं म्हणाला की नानांसकट सगळे हसले. जेवण झकास झालं. पण निघताना, मंडळींना एसटीपर्यंत सोडून मी परत आलो, तर नाना विहिरीच्या काठावर माझी वाट बघत होते.

"आयक," ते म्हणाले. "ते बुक पुरं कर. त्या नावाडीनं काय व्हयनं ते माले सांग. मंग तुन्हं एमेनं दखसूत. तोपावत मी फुवाले काहीच सांगाव नही. हो बी नही, नही बी नही."

"आणि नाही झालं पुरं?"

"तं संक्रांत झायी का नरडाणा."

एवढं साधं होतं ते. माझं पुढचं सगळं आयुष्य एका नावाड्यावर येऊन ठेपलं.

विभागातल्या सरांना मी सगळं सांगितलं नाही, फक्त ग्रंथ घरी न्यायचाय एवढं म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळा वाचणार?" "हो सर." "बरं. मीपण एकदा सुरू केला होता." आणि कपाटातून जाड्या काढून माझ्या हातात दिला. त्याच्या पहिल्या काही पानांचे कोपरे मळलेले होते, पुढची पानं करकरीत, एकमेकांना चिकटलेली. माझ्याआधी तिथपर्यंत कोणी गेलेलं नव्हतं. मला त्या करकरीत पानांचा जो आनंद झाला तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. पडीक रानात नांगराचं पहिलं तास आपण काढावं, तसं.

ज्वारी भरात होती. वर्ग बुडवून मी सगळे दिवस मचाणावर काढले. जाड्यात नावाडी लवकर भेटेना. वचन आणि करार, वचन आणि सवय, मेलेल्याला दिलेलं वचन, लहान मुलाला दिलेलं वचन. एकेक प्रकरण नांगराच्या ढेकळासारखं फोडावं लागे. काही ठिकाणी कळत नव्हतं, तिथं मी पेन्सिलीनं बारीक फुली मारून पुढे जात होतो. पण पहिल्यांदाच मी फाटे फोडले नाहीत. नवी पुस्तिका काढावीशी वाटली नाही असं नाही. वाटली. पण खालून नाना जाताना येताना विचारायचे, "उना का तो?" म्हणजे नावाडी आला का. मी वरून म्हणायचो, "अजून नाही." ते म्हणायचे, "कोठे लपीसन बठना रे तो," आणि बैल हाकायचे.

हळूहळू घरात ती गोष्ट घुसली. नानांनी आईला सांगितली. आई म्हणाली, "मी तं नही सांगाव. जाई ऱ्हायना बिचारा त्यान्या मनथीन, जाऊ द्या ना."

"आन् तो मरी जाई रोज वाट देखी देखी, तं?"

"मरस का कोणी वाट देखीसन? तुम्हीच रोज म्हशीनी वाट देखतस." म्हैस तेव्हा दूध आटवून बसली होती.

"तू मधमा म्हैस आणू नको."

शेजारचे आबा ओट्यावर आले की नाना त्यांना विचारायचे. आबांचं मत पडलं की आधी नाव कोणाची, सरकारी का घरची, ते कळायला पाहिजे. मी जेवता जेवता हे सगळं ऐकायचो. ग्रंथाच्या पानांत माणसं वाद घालत होती आणि आमच्या घरातही घालत होती, आणि मला दोन्हीकडचं कळत होतं. तत्त्वज्ञान शिकतोय याचा एवढा अभिमान मला पुढे पदवी घेतानाही वाटला नाही.

संक्रांत तोंडावर आली आणि शेवटच्या प्रकरणात नावाडी आला. मी मचाणावर उभाच राहिलो. पाखरं खुशाल ज्वारीत उतरली. पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि ग्रंथ संपला. लेखकानं सांगितलंच नव्हतं.

मी रावेरवाल्याला फोन लावला. तो केळीच्या बागेत होता, घड कापायला गडी लागलेले, मागं आरडाओरडा. मी सगळं सांगितलं.

"अरे मग ठोकून दे न काहीतरी! नाव उलटली, मरी गेला म्हन नावाडी. तुहे नाना कुठी पाह्याले जातीन?"

"खोटं सांगू?"

"खोटं काय त्यात? नावाडी तरी कुठी खरा आहे?"

तसं बघायला गेलं तर त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मी खाली उतरेपर्यंत त्यावर विचार केला. नाव उलटवणं सोपं होतं. शेजाऱ्यानं सांगितलं आणि नावाडी रडला, हेही सोपं होतं. नानांना कुठलंही चाललं असतं. पण इतके दिवस वचनावर वाचून खाली उतरताना पहिलं काम खोटं बोलायचं करावं, हे मला जमेना. नाना बांधावर होते. मी म्हटलं, "झाला वाचून. पण त्यात लिहिलेलं नाही."

"काय लिखेल नही?"

"सांगितलं की नाही ते."

नानांचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. "इतलं जाड बुक, आन् मझार हाईच नही? तू पुरं वाचेलच नही."

"वाचलं नाना."

"मंग त्या पोरीले फोन लाव. तिले इचारस मी."

मी दीपनगरचीला फोन लावून त्यांच्या हातात दिला. जाड्या माझ्या हातात आल्यावर, मी तो घरी आणण्याआधी, तिनं उरलेल्या ग्रंथाची झेरॉक्स काढून घेतली होती, एवढं मला ठाऊक होतं. नाना शहरातल्या माणसाशी बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात. "हां बेटा, मी याचा बाप बोलतो. त्या नावाड्याचं काय झालं ते सांग बरं."

फोनमधून तिचा आवाज मला बांधाच्या पलीकडे ऐकू आला. "काका, प्लीज सांगू नका! मी अजून अर्ध्यावरच आहे! त्याला म्हणावं, काही बोलू नको!"

नानांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि मला परत दिला. मग म्हणाले, "घर चाल. शेवटलं वाच. जोरमा. मी आयकस."

आई अंगणात कपाशीची न उमललेली बोंडं फोडून कापूस काढत होती. नाना खाटेवर बसले, मी ओट्यावर. दुपार उतरत होती. मी शेवटचं प्रकरण वाचायला लागलो. भाषांतराची मराठी अवघड होती. मी जिथं अडायचो तिथं नाना "हां, चाल पुढे" म्हणायचे, बैलाला म्हणावं तसं. शेवटचा परिच्छेद आला. लेखक लिहितो की शेजाऱ्याच्या तोंडी काय घालावं हे मी अनेकदा लिहून खोडलं. मला एवढंच माहीत आहे की एका संध्याकाळी तो शेजारी काठावर आला आणि काही न बोलता नावेत जाऊन बसला. नावाड्यानं विचारलं नाही. नाव निघाली.

मी थांबलो. आईचे हातही थांबले होते.

"सरनं?" नानांनी विचारलं.

"हो."

"दोन्हीजन वापस उनात का मंग?"

"ते लिहिलेलं नाही."

"वाच परत. तेवढंच."

मी परत वाचलं. नाव निघाली, इथं आल्यावर आई पुटपुटली, "सांगं नही त्यानी. चांगलं कयं." नाना म्हणाले, "नावमा बठना म्हणजे सांगाव तो. आज नही तं सकाय." "काय सांगस? त्याले सांगनंच नव्हतं!" दोघांचं जुंपलं. मी ग्रंथ मांडीवर घेऊन बसून राहिलो. माझं एम.ए. राहिलं बाजूला, त्यांना त्याची आठवणही नव्हती. मला आठवण करून द्यायची हिंमत होत नव्हती. आणि खरं सांगू, त्या घटकेला मला ती द्यावीशीही वाटत नव्हती. आमच्या अंगणात, कापसाच्या ढिगाशेजारी, माझे आईबाप एका ग्रंथाच्या शेवटावर भांडत होते. असं पुन्हा कधी झालं नाही. त्या दुपारसाठी मी बाकीच्या सगळ्या पुस्तिका अर्धवट ठेवायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. 'तिळगूळ घ्या' म्हणायला फुवांचा फोन आला. नानांनी तो ओट्यावर घेतला. फुवांचा आवाज दांडगा, अंगणात ऐकू यायचा. "मग? पोराला घेऊन येताय ना सोमवारी?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "त्यानं दुसरं बुक शे का?"

"कोणाचं?"

"त्या लिखनारानं. नावाडीवालानं."

"आहे. अजून मराठीत आलेलं नाही. इंग्रजीत आहे."

"तुले येस इंग्रजी?"

"शिकावं लागेल. दोन वर्षं लागतील तसं वाचायला."

नानांनी हात काढला. "नही पाव्हणा," ते फोनमध्ये म्हणाले. "पोऱ्या नही येवाव. त्याले काम शे."

"काम? कसलं काम लागलं त्याला?"

"वाचानं काम शे," नाना म्हणाले, आणि फुवांच्या घरच्या तिळगुळाची चौकशी करू लागले.